कोयनेची दहा सेकंदं

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना मी ॲबॅकस नावाचं सॉफ्टवेअर शिकत होतो. लहान मुलांचं मणी सरकवायचं ॲबॅकस नव्हे, हे मोठ्यांचं. एखादा पूल, गाडीचा सांगाडा, कृत्रिम गुडघा, काहीही संगणकात उभं करायचं, त्यावर जोर लावायचा आणि ते कुठे तडकतं ते बघायचं. त्यासोबत सोडवलेल्या उदाहरणांचं जाडजूड मॅन्युअल येतं. त्यात एक उदाहरण आहे काँक्रीटच्या धरणाचं. उंची १०३ मीटर, तळाची रुंदी ७१ मीटर, पाण्याची पातळी ९१.७५ मीटर आणि खऱ्या भूकंपाची दहा सेकंदं. आकडे फाईलमध्ये तयारच असतात. आपण फक्त रन करायचं. धरणाच्या वरच्या भागात, जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो तिथून, एक भेग आत सरकत जाते. तिचा स्क्रीनशॉट घ्यायचा आणि रिपोर्टात चिकटवायचा.

मी तो चिकटवला, आणि मग उदाहरणाचा पहिला परिच्छेद वाचला. (हा उलटा क्रम आमच्या सगळ्या बॅचचा होता.) धरणाचं नाव होतं कोयना. भूकंपाची तारीख ११ डिसेंबर १९६७.

माझं आजोळ पाटण तालुक्यातलं. कोयनेचा भूकंप आमच्या घरात एखाद्या थोरल्या नातेवाइकासारखा होता, 'भूकंपाच्या आदी' आणि 'भूकंपानंतर' अशीच आजीची कालगणना. पण तो भूकंप जगभरच्या इंजिनिअरिंगच्या पोरांना घरचा अभ्यास म्हणून दिला जातो हे मला एकविसाव्या वर्षी एका परदेशी सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमधून कळलं. आणि पुढचा प्रश्न पडला तो आता पेशाचा वाटतो, तेव्हा नुसता कुतूहलाचा होता. ही दहा सेकंदं नोंदवली कुणी? पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी, डिसेंबरच्या थंडीत, सह्याद्रीच्या त्या घळईत यंत्र चालू ठेवून कोण बसलं होतं?

आधी आजीचं ऐकू.

"माझं लगीन हून वरीस बी झालं नव्हतं. आदी गुरगुर झाली, सुरुंग लागल्यावानी. मला वाटलं धरणावर काम चाललंय. मग खालनं कुनीतरी भुईच उचलून आपटली. तुझा आजा मला वडत भाईर आला. मागं बघितलं तर भिंतच नव्हती. पुढं दोन म्हैनं आमी आंगनातच झोपलो."

सुरुंगाची गोष्ट महत्त्वाची आहे. ती एकट्या आजीची नाही. १९६२ च्या सुमाराला धरणात पाणी साठायला लागलं, आणि थोड्याच दिवसांत आसपासच्या लोकांना हे आवाज आणि छोटे हादरे जाणवायला लागले. धरणाच्या कामामुळे सुरुंगाची सवय झालेली माणसं. पण सुरुंग नसतानाही सुरुंगाचा आवाज येतोय म्हटल्यावर तक्रारी सुरू झाल्या. त्या तक्रारींचं जे झालं ते आपल्याकडे क्वचित होतं. कुणीतरी त्या मनावर घेतल्या.

खडकवासल्याची सेंट्रल वॉटर अँड पॉवर रिसर्च स्टेशन ही संस्था पुणेकरांना रस्त्यावरची एक लांबच लांब भिंत म्हणून माहीत असते. ती १९१६ साली मुंबई सरकारने पाटबंधाऱ्यांच्या अभ्यासासाठी सुरू केली. मूळ काम पाण्याचं. पण कोयनेच्या हादऱ्यांनंतर या पाण्यावाल्यांनी १९६३-६४ मध्ये धरणाच्या परिसरात भूकंपमापक बसवले आणि धरणाच्या आतल्या गॅलरीत जोराचे धक्के नोंदवणारा ॲक्सेलरोग्राफही लावला. भूकंपमापकांवर दिसलं की बहुतेक हादरे तलावाच्या जवळपास आणि कमी खोलीवर होताहेत. संस्थेतल्या एस. के. गुहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठा भूकंप व्हायच्या आधीच यावर लिहायला सुरुवात केली होती.

हे कोणत्या काळात? जेव्हा दख्खनचं पठार म्हणजे हलू न शकणारी जमीन असा पक्का समज होता तेव्हा. १९६२ साली भारताचा भूकंपप्रवणतेचा पहिला प्रमाणित नकाशा निघाला, त्यात शून्यापासून सहापर्यंत विभाग होते. शून्य. म्हणजे इथे काही होणारच नाही. देशातल्या काही जमिनीवर सरकारी शिक्क्याने शून्य लिहिलेलं असताना सह्याद्रीत भूकंपमापक बसवायला पैसे मागायचे, म्हणजे वाळवंटात छत्रीचं दुकान काढायला कर्ज मागण्यासारखं झालं असणार. ती फाईल कुणी पुढे सरकवली, कुणी सही केली, याची गोष्ट मला खरंच वाचायला आवडेल.

१३ सप्टेंबर १९६७ ला पाचाच्या वरचा एक धक्का बसला. मग ११ डिसेंबर. ६.३ तीव्रता. सुमारे १८० ते २०० माणसं गेली, दीड हजारांहून जास्त जखमी झाली आणि कोयनानगरातली बहुतेक घरं पडली किंवा राहण्यालायक उरली नाहीत. धरण उभं राहिलं, पण वरच्या भागात दोन्ही तोंडांवर आडव्या भेगा पडल्या. माझ्या स्क्रीनशॉटमधली भेग ती हीच.

आणि गॅलरीतलं यंत्र चालू राहिलं. धरणाच्या लांबीच्या दिशेने त्याने जास्तीत जास्त ०.६३ जी इतका धक्का नोंदवला, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्रेसष्ट टक्के. धरणाचं डिझाइन करताना भूकंपासाठी धरलेला आकडा होता ०.०५. या दोन आकड्यांची सरळ भागाकाराने तुलना करणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर नाही हे मला माहीत आहे. तरी ते शेजारी ठेवून बघा.

त्या काळात भूकंपाच्या इतक्या जवळून, तेही खऱ्या धरणाच्या आतून, मिळालेली नोंद दुर्मीळ होती. बर्कलीच्या अनिल चोप्रा आणि पी. चक्रवर्ती यांनी १९७३ मध्ये ती वापरून दाखवलं की भेगा नेमक्या तिथेच का पडल्या. भूकंपात धरण एखाद्या दगडी ठोकळ्यासारखं जागच्या जागी हलत नाही, झाडासारखं डोलतं आणि वरचा भाग जास्त डोलतो. जुन्या हिशोबात हे धरलेलं नव्हतं. तेव्हापासून जगात कुणीही काँक्रीट तडकण्याचं नवं गणित मांडलं की ते आधी कोयनेवर चालवून बघतो. आमच्या मॅन्युअलमध्ये ते तिथूनच आलं.

आता दुसरा भाग, म्हणजे बाकीचं जग यात कसं आलं. ही गोष्ट मला जास्त गमतीची वाटते, कारण तिच्या मुळाशी अणुबॉम्ब आहे.

१९६० च्या आसपास अमेरिकेला एक अडचण होती. रशियाने जमिनीखाली अणुचाचणी केली तर ती कळणार कशी? स्फोट आणि भूकंप यांतला फरक ओळखायला जगभर एकसारखी, चांगली यंत्रं हवीत. मग अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशाने सुमारे १२० केंद्रांचं जाळं उभं राहिलं. यंत्रं तीच, घड्याळं तीच, नोंदीची पद्धत तीच. त्यातलं एक केंद्र पुण्यात होतं. हेतू हेरगिरीचा, पण नोंदींच्या फिल्म कुठल्याही देशातल्या संशोधकाला मागवता यायच्या. प्लेट टेक्टॉनिक्सची कल्पना साठच्या दशकात इतक्या झपाट्याने सिद्ध झाली त्यात या जाळ्याचा मोठा हात आहे. कोयनेचा भूकंपही या केंद्रांनी टिपला आणि भूगर्भातली भेग कोणत्या दिशेने सरकली हे या दूरदूरच्या नोंदींवरून काढता आलं.

फ्रान्सच्या जे. पी. रोथे यांनी १९६८ मध्ये 'न्यू सायंटिस्ट'मध्ये लेख लिहिला. शीर्षकाचा अर्थ असा, की तळं भरा, भूकंप सुरू करा. त्यामागे बरीच जुळवाजुळव होती. अमेरिकेत हूवर धरणामागचं लेक मीड तीसच्या दशकात भरलं आणि हादरे सुरू झाले. चीनमध्ये शिनफेंगजियांगला १९६२ साली, आफ्रिकेत झांबेझीवरच्या करिबाला १९६३ साली आणि ग्रीसमध्ये क्रेमास्टाला १९६६ साली सहाच्या वरचे भूकंप झाले. कोयना या यादीतला सगळ्यात मोठा आणि आजही तोच आहे. हैदराबादच्या एनजीआरआयमध्ये (स्थापना १९६१) हरी नारायण, हर्ष गुप्ता आणि बी. के. रस्तोगी यांनी करिबा, क्रेमास्टा आणि कोयना यांच्या नोंदी शेजारी ठेवून दाखवलं की तलावाजवळच्या भूकंपांचं वागणं नेहमीच्या भूकंपांपेक्षा वेगळं असतं, विशेषतः आधीच्या आणि नंतरच्या छोट्या धक्क्यांचं प्रमाण. तीन खंडांतल्या तीन धरणांचे आकडे एका टेबलावर आल्याशिवाय हे दिसलंच नसतं. एकट्या कोयनेकडे बघून वाद घालणाऱ्यांना तर दोन्ही बाजूंनी भरपूर जागा होती, आणि धरणाचा यात काही संबंध नाही असं म्हणणारेही बरीच वर्षं होते.

आजीची बाजू ठरलेली आहे. "भुईला इतकं वजन सोसल व्हय?" गावोगावी हेच ऐकायला मिळतं. गंमत म्हणजे ती बरीचशी बरोबर आहे आणि थोडी चूक. तलावाचं वजन खाली दाब देतंच. पण दुसरीही एक गोष्ट घडते. पाणी खडकाच्या बारीक भेगांतून झिरपतं आणि त्याचा दाब हळूहळू खोलवर पोचतो. जुन्या भेगेच्या दोन बाजू एकमेकींवर घट्ट दाबलेल्या असतात म्हणून ती सरकत नाही. पाण्याच्या दाबाने ती पकड सैल पडते. अमेरिकेत डेन्व्हरजवळ लष्कराने १९६२ पासून रासायनिक सांडपाणी साडेतीन किलोमीटरहून खोल विहिरीत सोडायला सुरुवात केली, तेव्हा असंच झालं होतं. तिथे वजनाचा प्रश्नच नव्हता, नुसतं पाणी आणि दाब. म्हणून पावसाळ्यात कोयनेचा तलाव भरला की लगेच नाही, तर सप्टेंबरमध्ये आणि पुन्हा डिसेंबरच्या सुमाराला हादरे वाढतात. दाब खाली पोचायला वेळ लागतो.

आणि भूकंपाची मूळ ताकद तलावाची नाही. ती खडकात आधीपासून साठलेली असते. तलाव फक्त शेवटचा धक्का देतो. इंग्रजीत यासाठी 'ट्रिगर्ड' म्हणतात. मराठीत आपल्याकडे नेमका शब्द आहे, निमित्त. हे मी आजीला सांगितलं. ती म्हणाली, "मग निमित्त कशाला दिलं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कोयनेच्या विजेवर मुंबई-पुणं चाललं, एवढं म्हणून मी गप्प बसलो.

इथे थोडं माझ्या नोकरीबद्दल. मी एका कंपनीत बॅकएंडवर काम करतो. दोन वर्षांपूर्वी क्लाउडचं बिल वाढलं म्हणून वरून हुकूम आला की लॉग ठेवायची मुदत तीस दिवसांवरून सात दिवसांवर आणा. लॉग म्हणजे सिस्टिम दर क्षणाला लिहीत असलेली रोजनिशी. ९९ टक्के लॉग कुणी कधीच वाचत नाही, त्यामुळे ते उडवणं नेहमी शहाणपणाचं वाटतं. पुढे एकदा सगळं बंद पडलं. शोधत गेलो तर बिघाडाची सुरुवात नऊ दिवसांपूर्वी झाली होती. त्या रात्री तीन वाजता मिटिंगमध्ये सगळे विचारत होते, लॉग कुठे आहेत. बिघाड झाल्यावर लॉगिंग चालू करून मागचं दिसत नाही, हे समजायला इंजिनिअर असायची गरज नाही. तरी ते दरवेळी नव्याने समजावून सांगावं लागतं.

मला त्या मिटिंगनंतर किल्लारी आठवलं होतं. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची पहाट. तीव्रता ६.२, म्हणजे जवळजवळ कोयनेइतकीच. आठ-दहा हजार माणसं गेली. नकाशात तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. (शून्य हा विभाग कोयनेनंतर, १९७० च्या आवृत्तीत रद्द झाला होता. शून्य धोका असं काही नसतं हे तेवढं कागदावर मान्य झालं.) आणि तिथेही आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, लोकांना हादरे आणि आवाज जाणवले होते, अगदी कोयनेसारखे. पण कोयनेसारखं यंत्रांचं दाट जाळं तिथे नव्हतं. भूकंपानंतर मात्र सगळे आले. जर्मनीचं पथक फिरती यंत्रं घेऊन आलं, अमेरिकेतले संशोधक आले, एनजीआरआयने ६१७ मीटर खोल बोअर घेतलं आणि वरचा काळा दगड ३३८ मीटरवर संपतो हे कळलं. जागतिक बँकेचं कर्ज आलं, भूकंपमापक केंद्रं सुधारली. यातलं काहीही वाईट नाही. काम चांगलंच झालं. फक्त तारखा बघा, सगळ्या १९९३ च्या नंतरच्या आहेत.

घरं दगड-मातीची होती म्हणून इतकी माणसं गेली, नुसत्या यंत्रांनी ती वाचली नसती, हेही खरं. पण नकाशातला विभाग बदलायला नोंदी लागतात आणि घरबांधणीचे नियम त्या नकाशावरून ठरतात. किल्लारीचा भाग तिसऱ्या विभागात गेला तो २००२ च्या नकाशात.

कोयनेचं पुढे काय झालं? हादरे थांबले नाहीत. १९८५ पासून दक्षिणेला वारणेचं धरण भरायला लागलं आणि १९९३ पासून हादरे तिकडेही सरकले. सुमारे ३० किलोमीटर लांब आणि २० किलोमीटर रुंद एवढ्याशा पट्ट्यात साठ वर्षांत पाचाच्या वरचे वीसहून जास्त भूकंप झालेत. जगातली हजारो मोठी धरणं भरली आणि काही झालं नाही, किंवा थोडं हलून थांबलं. इथे ते चालूच आहे. संशोधकांच्या दृष्टीने ही अशी जागा की कुठे, किती खोल आणि साधारण कधी हे आधीच माहीत आहे. मग तिथेच खाली उतरून बघितलं तर?

भूकंपाच्या जागेपर्यंत बोअर घ्यायचं हे काम एकट्या देशाच्या आवाक्यातलं नाही, पैशाने कदाचित असेल, अनुभवाने नाही. कॅलिफोर्नियात सॅन अँड्रियास भेगेत, तैवानमध्ये, जपानमध्ये असे प्रयोग झाले होते. त्या अनुभवांची देवाणघेवाण करणारा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम म्हणजे आयसीडीपी, जर्मनीतल्या पोट्सडॅममधून चालणारा. २०११ च्या मार्चमध्ये त्यांच्या मदतीने हैदराबाद आणि कोयनेला कार्यशाळा झाली. बाहेरच्या तज्ज्ञांचा सल्ला घेऊन थेट खोल न जाता आधी नऊ ठिकाणी दीड किलोमीटरपर्यंतची बोअर घेतली. रासाटीचं पहिलं १,५२२ मीटरचं. तिथे काळा दगड ९३० मीटरच्या थोडं पुढे संपला आणि खाली थेट ग्रॅनाइट-नाइस लागला. मध्ये जुन्या गाळाचे थर असतील असं काहींना वाटत होतं, ते नव्हतेच. सहा बोअरमध्ये भूकंपमापक खाली सोडले, कारण वरच्या लाव्ह्याच्या थरांत लहरी विस्कटतात आणि खालून ऐकलं की स्वच्छ ऐकू येतं. मग २०१६ च्या डिसेंबरपासून २०१७ च्या जूनपर्यंत गोठणे इथे तीन किलोमीटरचं पथदर्शी बोअर पूर्ण झालं. खर्च केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा. कराडला त्यांनी यासाठी प्रयोगशाळाच उभी केली आहे. पुढचा पल्ला सहा किलोमीटरच्या आसपासचा.

१९६७ ते २०११. चव्वेचाळीस वर्षं. मधल्या काळात काम थांबलं होतं असं नाही, केंद्रं वाढली, शेकड्यांनी शोधनिबंध निघाले. पण माझ्या आईचा जन्म, शाळा, लग्न आणि माझी दहावी एवढं सगळं या चव्वेचाळीस वर्षांत बसतं.

कराडच्या प्रयोगशाळेबद्दल मला कळलं तेव्हा मी तिथून एसटीने तासाभराच्या अंतरावरच्या आजोळी सुट्टीला जात होतो, आणि ते कळलं एका जर्मन पीएचडी विद्यार्थ्याच्या लेखातून. आपल्या बारावी बोर्डाच्या यादीत भूशास्त्र हा विषय आहे हेही मला नोकरी लागल्यावर समजलं. आमच्या कॉलेजात तो नव्हताच. असता तरी मी घेतला असता का? खोटं कशाला बोला, नसता घेतला. बायोलॉजीऐवजी इलेक्ट्रॉनिक्स घेतलं की मार्क पडतात, एवढंच तेव्हा माहीत होतं. काळ्या दगडाच्या देशात वाढून त्या दगडाची जाडी मला रासाटीच्या बोअरमुळे कळली. वर्गात भूकंप शिकलो तो जपानचा.

गेल्या दिवाळीत आजीकडे होतो. संध्याकाळी मांडणीवरची भांडी किणकिणली, लांबून ट्रक गेल्यासारखी गुरगुर झाली. मी खिशातून फोन काढून भूकंप विभागाचं ॲप उघडलं. त्यावर अजून काही आलं नव्हतं.

आजी भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही.

"तीनच्या आत हाय," ती म्हणाली. "तव्याखालचं जाळ जरा बारीक कर."